दुसरी पोटरी

त्या सकाळी मी खूप पोटऱ्या मोजल्या. शाळेच्या व्हरांड्यात मुख्याध्यापकांची खुर्ची, खुर्चीपुढे सतरंजी, सतरंजीवर मी आणि माझ्या हातात शिंप्याकडे असते तशी मापाची पट्टी. गावातली म्हातारी माणसं एकेक करून खुर्चीवर बसायची आणि पाय पुढे करायची. मी पोटरीचा सगळ्यात जाड भाग शोधून पट्टी गुंडाळायची, आकडा लिहायची आणि वर न बघता 'पुढचे' म्हणायची.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. नागपूरहून फिजिओथेरपी शिकून मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात लागले होते. वडील ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला, त्यामुळे माझं सगळं लहानपण कॉलनीत गेलं आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी बोलायचो, पण आकडे मला आधी इंग्रजीतच सुचायचे. एकोणतीस की एकोणचाळीस, इथे मी हमखास अडखळायची. म्हणून गावांत मी कमी बोलायची. कमी बोलणाऱ्या मुलीला लोक हुशार समजतात. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना आम्ही सर म्हणायचो. सर एका परिषदेहून झेरॉक्सचा गठ्ठा आणि एक नवा शब्द घेऊन आले होते, सार्कोपेनिया. वयाबरोबर सगळ्यांचंच मांस झिजतं, पण काहींचं इतकं झिजतं की उठणं-बसणं अवघड होतं, माणूस पडतो, हाड मोडतं. "आणि मग घरचे म्हणतात, वय झालं," सर म्हणाले. "आपण रक्त तपासतो, लघवी तपासतो, डोळे तपासतो. मांस कोणी तपासतं का?" म्हणून आम्ही गावोगाव चार गोष्टी मोजत होतो. हाताची पकड एका यंत्रावर, पोटरीचा घेर पट्टीने, चार मीटर चालायला लागणारा वेळ घड्याळावर, आणि हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठणं-बसणं. शेवटी माणसाच्या हातात एक गुलाबी कार्ड द्यायचं. त्यावर एक तर 'ठीक' किंवा 'दवाखान्यात यावे'.

ती आजी रांगेत शेवटून दुसरी होती. ढिवराच्या घरची. मुलगा तलावात जाळं टाकायचा आणि ही टोपलं डोक्यावर घेऊन शेजारच्या गावांत मासोळ्या विकायची, असं रांगेतल्या बायकांनीच मला सांगितलं. यंत्राची मूठ तिने अशी दाबली की काटा त्या दिवसातल्या कुठल्याही बाईपेक्षा पुढे गेला. बायका हसल्या.

"जाळं पिळून पिळून हात दगडाचे झाले तिचे," एक जण म्हणाली.

"तुह्या नवऱ्याले दाखवू का?" आजी म्हणाली. पुन्हा हशा.

चालून दाखवतानाही ती बरी चालली. मग खुर्चीवर बसली आणि मी काही म्हणायच्या आत तिने लुगडं जरा वर घेऊन उजवा पाय पुढे केला. पोटरी भरीव होती. मी पट्टी गुंडाळली, आकडा चांगला आला. डावा पाय लुगड्यात होता. एकच पाय मोजायचा असं ठरलं होतं आणि कुठला, ते मी विचारलं नाही.

मग उठणं-बसणं. हात छातीशी बांधायला सांगितल्यावर तिने पदर पुढे ओढून त्याखाली हात घेतले. ती उठली, बसली. मी मोजत होते. तिसऱ्या वेळी पदराखाली कोपर हललं आणि हाताचा तळवा मांडीवर रेटला गेला. मला ते दिसलं. चौथ्या वेळीही दिसलं. नियमाप्रमाणे मी थांबवायला हवं होतं. पण समोर बायका उभ्या होत्या, ऊन व्हरांड्यात आलं होतं, आणि 'आजी, हात काढा' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होईपर्यंत पाचवी वेळ झाली होती. मी कार्डावर 'ठीक' लिहिलं. माझं मराठी अक्षर पाचवीतल्या मुलीचं असावं तसं मोठं आणि सुटं होतं. कोणालाही वाचता यावं असं.

अस्वस्थता जीपमध्येच सुरू झाली. संध्याकाळी आकडे रजिस्टरमध्ये उतरवताना त्या आजीच्या ओळीवर मी थांबले. तिच्या पोटरीचा घेर माझ्यापेक्षा जास्त होता. दवाखान्यात धान्याची पोती उचलणाऱ्या माणसाला मी उगाच बोलावून त्याची पोटरी मोजली. त्याच्याहूनही जास्त. मग मला आठवलं की पट्टी काढल्यावर कातडीवर तिचा खोलगट वळ राहिला होता आणि तो बराच वेळ गेला नव्हता. मांसावर वळ असा राहत नाही. तिथे सूज होती.

आमच्या भागात हत्तीपाय आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. सरकारी माणसं वर्षानुवर्षं गावात येत, पाय बघत, रक्त घेत. पट्टी, पेन, रजिस्टर घेऊन जो येतो तो सुजलेला पाय बघायला येतो, हे त्या आजीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने न विचारता सुजलेला पाय पुढे केला होता. त्या माणसांना तोच हवा असायचा. मला दुसरा हवा होता.

हे सगळं मी सरांना त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले. एकदा ते फोनवर होते. एकदा ते एकटेच बसले होते आणि मी 'गाडी उद्या किती वाजता' असं काहीतरी विचारून परत आले. चुकीचं मोजलं, हे सांगता आलं असतं. दिसलं आणि बोलले नाही, हे सांगायचं कसं? जेवताना, कपडे वाळत घालताना, मधेच तो पदराखालचा तळवा मला दिसायचा. रविवारी ऊर्जानगरला घरी गेले तर आईने विचारलं, काय झालं आहे तुला. मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. आषाढ लागला होता आणि आभाळ भरलेलं होतं. आईने पुढे विचारलं नाही.

मंगळवारी आमची जीप त्या गावावरून पुढे औषधं द्यायला जायची. ड्रायव्हरभाऊंना मी तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, उतरवा म्हणून सांगितलं. "एकटी?" ते म्हणाले. मी मान हलवली. वाटेत वाक्य पाठ केलं होतं: आजी, मला तुमचा दुसरा पाय मोजायचा आहे.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात वाळत घातलेलं जाळं होतं आणि छपरीत एक बाई पावशीवर मासोळ्या कापत होती. पावशी म्हणजे पुण्याकडे जिला विळी म्हणतात ती, एका पायाने दाबून धरायची. ती सून. तिच्यामागे वर्षभराचं मूल रांगत होतं आणि तिचं अर्धं लक्ष त्याच्याकडे होतं. आजी आत चुलीजवळ जमिनीवर बसली होती. मला बघून ती हसली.

"ये वं पोरी. बस. आली मी बाहेर."

मी छपरीत पोत्यावर बसले. आजी बाहेर आली नाही. ती तिथूनच बोलत राहिली. गाडी कुठी आहे, तुझं लग्न झालं का, आई-बाप कुठी राह्यते. प्रत्येक उत्तरानंतर म्हणायची, "आली, आली." चुलीत जाळ नव्हता. वर काही शिजत नव्हतं. तिथे बसून राहायचं काही कारण मला दिसत नव्हतं.

सून पावशीवरूनच म्हणाली, "बाई, तुमीच लिवलं ना ते, ठीक म्हनून?"

मी हो म्हटलं.

"मंग इले सांगा. सकाळपासून बसली आहे तिथी. मी म्हनतो उठ, तर म्हनते उठता नाई येत. मी सातवी शिकली आहे, कार्ड वाचलं मी. डाक्टरीन म्हनते ठीक, अन् हे म्हनते उठता नाई येत. कोनाचं खरं मानू मी?"

"उठून राह्यली ना मी!" आतून आवाज आला.

"केव्हा? दिवाळीले?"

"तुह्या बापाच्या घरी बसली का मी? माह्याच घरी बसली आहे."

"बस ना मंग. सोमवारपासून रोवनं आहे. मी जाईन बांधीत दिवसभर, पोरगं राहील तुह्याजवळ. ते चुलीत हात घालन अन् तू म्हनशील, आली, आली."

हे सगळं ती मासोळीच्या पोटातली घाण काढता काढता बोलत होती. मग तिने हात धुतले, आत गेली, बडबड न थांबवता सासूच्या मागे उभी राहिली, दोन्ही काखांत हात घातले आणि एका झटक्यात तिला उभं केलं. दोघींपैकी कोणीच त्याकडे लक्ष दिलं नाही, इतकं ते रोजचं होतं. आजीने लुगडं झटकलं आणि स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली, व्हरांड्यात चालली होती तशीच बरी.

मी पाठ केलेलं वाक्य विसरून गेले. मला एवढंच कळत होतं की सोमवारपासून, भाताची लावणी सुरू झाली की, ही बाई त्या रांगणाऱ्या मुलाबरोबर दिवसभर घरात एकटी असणार, आणि ते माझ्या एका शब्दाच्या भरवशावर ठरलं आहे. मी सुनेला विचारलं, हे कधीपासून. ती आठवून आठवून सांगू लागली. गेल्या उन्हाळ्यापासून आजीने पावशीवर बसणं सोडलं होतं, डोळ्यांनी दिसत नाही म्हणून. जेवायला ओट्यावर बसायची, खाली गार लागतं म्हणून. लांबच्या गावाला जाणं सोडलं होतं, तिथली माणसं भाव पाडून मागतात म्हणून. टोपलं डोक्यावर चढवायला माणूस लागतोच, तो सगळ्यांनाच लागतो, त्यात कोणाला काही दिसलं नाही. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे वेगळं कारण होतं. तिने आपला दिवस असा रचला होता की जमिनीवरून उठायची वेळच येऊ नये. आमच्या परीक्षेत तर खुर्ची होती. या गावात खुर्चीवर कोण बसतं?

दिवस असा रचणं मला परकं नव्हतं. ज्या दुकानात बोलावं लागतं ते दुकान टाळून मी कॉलेजची चार वर्षं काढली होती. ती मात्र अशाच रचलेल्या दिवसात टोपलं घेऊन गावोगाव हिंडत होती.

"आजी," मी म्हटलं, "माझं चुकलं. मी सुजलेला पाय मोजला. मला दुसरा दाखवा."

ती ओट्यावर बसली होती. तिचं हसू गेलं.

"चुकलं कसं? लिवलं ना तू."

"लिहिलं, पण चुकीचं लिहिलं."

"लिवलं ते लिवलं. तुले कोनं बलावलं इथी?"

 मूल माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालत होतं. मी ओट्याखाली बसले आणि वाट बघत राहिले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. बऱ्याच वेळाने आजीने डावा पाय लुगड्याबाहेर काढला. पट्टी गुंडाळायची गरज नव्हती, तरी मी गुंडाळली. दोन आकड्यांत इतका फरक होता की ते दोन वेगळ्या माणसांचे पाय वाटावेत. पोटरीच्या जागी हाडामागे सैल कातडी होती. मांडीवर हात ठेवून मी तिला गुडघा सरळ करायला सांगितला. हाताखाली फार काही घट्ट झालं नाही.

मग मी तिला जमिनीवर बसायला सांगितलं. ती बसली, म्हणजे शेवटचा वीतभर धपकन खाली आली. "आता उठा." तिने एक हात टेकला, मग दुसरा, अंग पुढे झोकून बघितलं, एका कुशीवर वळून बघितलं. सून पुढे झाली तेव्हा मीच नको म्हटलं. ते मला आजही खटकतं, पण बघितल्याशिवाय लिहिता येत नव्हतं. शेवटी आजी तशीच बसून म्हणाली, "नाई येत उठता. झालं? लिव." मी कार्ड मागितलं. ते तिने पिठाच्या डब्यावरच्या देवाच्या फोटोमागे नीट ठेवलं होतं. मी 'ठीक'वर आडवी रेघ मारली. सुनेने ती बघितली आणि मान फिरवली. मला वाटतं, ती रडत होती. आजी रडली नाही. ती मी जाईपर्यंत माझ्याशी बोललीही नाही.

संध्याकाळी सरांना मी सगळं सांगितलं, तळवा मला दिसला होता तेही. मराठीत सुरू केलं आणि मधेच इंग्रजीत गेले. सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "अजून किती जणांचा सुजलेला पाय मोजला असशील?" मला माहीत नव्हतं. "आणि ती जेवते काय?" तेही मी विचारलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सर स्वतः माझ्याबरोबर आले. त्यांनी आजीचं रक्त घेतलं, दुसरा कुठला आजार नाही ना ते बघायला, आणि मग जेवणाचं विचारलं. मासोळी विकणाऱ्या घरात ती भात आणि रश्शाचं पाणी खात होती. तुकडे मुलाला आणि नातवंडांना. दात नाहीत, काटे लागतात, असं म्हणाली. हेही कारण तिच्याकडे तयार होतं.

मुलगा घरी होता. माझ्या रेघेचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला होता. आईचं टोपलं त्याने आढ्याला टांगून ठेवलं होतं आणि तिला बाजेवर बसवलं होतं. सोमवारी सून रोवण्याला गेली नव्हती, त्यामुळे घरात तणातणी होती. आजी भिंतीकडे तोंड करून होती. म्हणजे मी चुकीचं लिहिलं तेव्हा तिला नको ते काम लागलं, आणि बरोबर लिहिलं तेव्हा तिचं हवं ते काम गेलं.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग. तुझा पेशंट आहे."

मी मुलाला म्हटलं, "भाऊ, टोपलं काढा."

"पडली म्हंजे?"

"बसवून ठेवलं तर जास्त पडतील. चालू द्या. ओझं कमी द्या, जवळच्या गावाला जाऊ द्या. आणि मासोळीचे तुकडे त्यांच्या ताटात घाला, काटे काढून. रोज. अंडं मिळालं तर अंडं. आणि दिवसातून तीन वेळा उठवायचं-बसवायचं, आधी ओट्यावरून, मग पाटावरून, मग जमिनीवरून." एका दमात मी एवढं मराठी कधी बोलले नव्हते. "आणि बाळाला त्यांच्याकडे एकटं सोडायचं नाही, दिवाळीपर्यंत तरी."

"रोवनं?"

"शेजारची बुढी येईल," सून म्हणाली. "मी बोलतो तिले."

मुलाने सरांकडे बघितलं. सर बाहेर तलावाकडे बघत होते. शेवटी मुलाने टोपलं खाली काढलं. आजी भिंतीकडेच तोंड करून म्हणाली, "पोरीले तोंड आहे म्हनायचं."

त्यानंतर मी दर मंगळवारी पाळीजवळ उतरायची. आधी त्या घरी आणि मग रजिस्टर घेऊन गावातल्या एकेका म्हाताऱ्याच्या अंगणात. दोन्ही पोटऱ्या, आणि जमिनीवरून उठणं. गुलाबी कार्डांवर आणखी रेघा पडल्या. दोन घरांत मला पाणी विचारलं नाही. आजी मंगळवारी मी सांगेन ते करायची, माझ्याशी न बोलता. जे सांगायचं ते ती सुनेला सांगायची. "इले म्हन, आज पाय दुखून राह्यले." सून मला म्हणायची, "पाय दुखून राह्यले म्हनते." मी सुनेला म्हणायची, दुखतील. तिघी एका अंगणात असायचो.

धान कापून झाल्यावरच्या एका मंगळवारी ती जमिनीवर बसली. या वेळी धपकन नाही. एक पाय मागे घेतला, पुढे झुकली आणि उभी राहिली. सून माझ्याकडे बघत होती. आजीही, पहिल्यांदा, थेट माझ्याकडे बघत होती.

"लिव," ती म्हणाली.

मी लिहिलं. किती वेळ लागला, आणि डावा हात एकदा टेकला. 'ठीक' लिहिलं नाही. तिने कार्ड घेऊन सुनेच्या हातात दिलं. सुनेने अडखळत सगळं वाचलं, हाताचंही.

"हात?" आजी म्हणाली. "कुठी टेकला हात?"

"टेकला, आजी. मला दिसला."

"टेकला ना वं माय," सून म्हणाली.

"दोघीबी आंधळ्या आहात." ती परत खाली बसली, या वेळी हात पदरात नाही, छातीवर उघडे बांधून. "आता पाह्य. अन् मोठ्यानं मोज."

मी घड्याळ काढलं.